टोनभाऊची सेटिंग

नागपुरात प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा भाऊ असतो. पानठेल्यावरचा भाऊ, प्लॉट दाखवणारा भाऊ, आणि निवडणूक आली की चौकातल्या फलकावर हात जोडून उभा राहणारा तर भाऊच. या भाऊगर्दीत गेल्या काही वर्षांत एका नव्या भाऊची भर पडली आहे. त्याला आपण टोनभाऊ म्हणू. शिक्षण बहुधा इंजिनिअरिंगचं, नोकरी मिहानमध्ये नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत, आणि घराच्या मागच्या खोलीत एक इलेक्ट्रिक गिटार व एक डबा. हा डबा म्हणजे डिजिटल ॲम्प मॉडेलर. गिटारची वायर एका बाजूने खोचायची. आतला संगणक नामांकित ॲम्प्लिफायरांची, त्यांच्या स्पीकरपेट्यांची, त्या पेट्यांपुढे ठेवलेल्या माइकची नक्कल करतो. आणि टोन म्हणून जे काही असतं ते दुसऱ्या बाजूने हेडफोनमध्ये पडतं. निदान पडायला हवं. पडत नाही तोवर टोनभाऊ सेटिंग करतो, आणि पडलं तर ते कशामुळे पडलं हे पाहायला पुन्हा सेटिंग करतो. दोन-तीन वर्षं लोटली तरी खोलीतून सलग एक गाणं ऐकू येत नाही, तेव्हा घरचे आणि मित्र त्याला आळशी, अर्धवट गिटारवाला ठरवून मोकळे होतात. माझ्या मते हा अन्याय आहे. गवंड्याला गवई समजून ऐकलं तर तोही बेसूरच ठरणार. टोनभाऊ गिटारवाला नाहीच. इलेक्ट्रिशियन खिशात टेस्टर ठेवतो तशी तो गिटार बाळगतो. डब्यात काहीतरी सोडून पाहावं लागतं, एवढ्यापुरती.

हे पटायला आधी डब्याने काय हिरावून घेतलं ते पाहिलं पाहिजे. डबा येण्यापूर्वी नागपूरच्या गिटारवाल्याकडे न वाजवण्याची अस्सल कारणं होती. लंडनमध्ये ड्रम विकणाऱ्या जिम मार्शल या दुकानदाराने १९६२ साली आपला पहिला ॲम्प आणला, आणि पुढे त्याच घराण्यातले शंभर वॅटचे ॲम्प जगभरच्या रॉकवाल्यांच्या पाठीशी भिंतीसारखे उभे राहिले. तशी पेटी इथे आणायची तर पैसा हवा, व्हॉल्व्ह बदलून देणारा मिस्त्री हवा आणि वरच्या मजल्यावर बहिरे शेजारी हवेत. यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्या पिढीने कीबोर्डसाठी आणलेल्या पेटीत, नाहीतर मंडपातल्या आहुजाच्या ॲम्पमध्ये वायर खोचली आणि 'दम मारो दम' वाजवलं. १९७१ च्या त्या गाण्यात गिटार भूपिंदर सिंगांची होती; मंडपात ती चिरकायची, पण 'ॲम्पच तसा नाही ना भाऊ' असं म्हणायची सोय होती. मग १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा किडनीच्या आकाराचा लाल पॉड हा डबा आला, २००६ मध्ये ॲक्स-एफएक्स आला, पुढे खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीचे सूर सोडून त्याची कुंडली मांडणारा केम्पर आला, आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. पैसा, मिस्त्री, शेजारी, तिन्ही अडचणी मिटल्या. ज्यांना वाजवायचं होतं ते वाजवू लागले. बाकीच्यांनी न वाजवण्याची नवी कारणं डब्यातच शोधली, असा टोनभाऊवर पहिला आरोप आहे.

वरवर पाहता आरोपात दम वाटतो. त्याची मुख्य तक्रारच घ्या: "सगळं आहे भाऊ, पण खऱ्या ॲम्पचा फील येऊन नाही राहिला." व्हॉल्व्हचा खरा मार्शल बर्डीपासून वाडीपर्यंत किती जणांनी समोर उभं राहून ऐकला असेल? टोनभाऊने बहुधा नाहीच. त्याने ऐकली आहेत ती रेकॉर्डिंगं, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरपुढे एखादा शुअरचा एसएम ५७ माइक लावून पकडलेला, नंतर घासूनपुसून लखलखीत केलेला आणि शेवटी मोबाइलच्या इअरफोनमधून आलेला आवाज. डबा नेमकं तेच देतो. ॲम्प माइकला जसा ऐकू येतो तसा तो तुमच्या कानाशी आणतो. म्हणजे जे मागितलं तेच ताटात पडलं आहे, आणि हा गृहस्थ कधी न चाखलेली चव लागत नाही म्हणून ताट सरकवतो. त्यात ज्याच्या अस्सलपणासाठी हा जीव टाकतो तो मार्शलचा पहिला ॲम्पसुद्धा फेंडर बासमन या अमेरिकी ॲम्पचा नकाशा पुढ्यात ठेवून बांधलेला होता. नागपूर न पाहिलेल्या माणसाने पुण्यातल्या हॉटेलात बसून सावजीचा रस्सा अस्सल नाही म्हणावं, तशातला हा प्रकार.

तरी आरोप टिकत नाही, कारण निमित्त शोधणारा माणूस मुळात सुख शोधत असतो आणि टोनभाऊ दुःख शोधतो. याचा पुरावा मे महिन्यात मिळतो. ज्या शहराचा पारा सत्तेचाळीसच्या वर गेल्याची नोंद आहे तिथे कूलरला कुणी चैन म्हणत नाही. पण कूलरच्या मोटारीची घरघर सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरते, म्हणून टोनभाऊ कूलर बंद करतो, दार लावून घेतो आणि घामाने निथळत लेटन्सी मोजायला बसतो. लेटन्सी म्हणजे तार छेडल्यापासून आवाज कानी येईपर्यंतचा उशीर. लॅपटॉपवर सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायचे नमुने, १२८ ठेवला, तर एका खेपेला सुमारे पावणेतीन मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन सहाच्या आसपास. "उशीर होऊन राहिला," म्हणत तो बफर ६४ वर आणतो. आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागतो. पुन्हा १२८. आता हिशेब करा. पंचेचाळीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५८ मीटर जातो. थंडीतल्यापेक्षा वीसेक मीटर जास्त, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात घाई असलेला तो एकटाच. या वेगाने सहा मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून दोन मीटरवर उभं राहण्याचा उशीर. मंडपात दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज अठ्ठावीस मिलिसेकंदांनी पोहोचतो, आणि त्यावर अख्खी गल्ली ठेक्यात नाचते. घरी स्पीकरवर ऐकत असेल तर खुर्ची मीटरभर पुढे ओढली की तीन मिलिसेकंद फुकटात वाचतात. टोनभाऊला हे गणित येतं. तरी तो खुर्ची ओढत नाही, बफरशीच झुंजतो. आळशी माणसाने केव्हाच कूलर लावून ताणून दिली असती.

दुसरा पुरावा त्याच्या तपासाच्या क्रमात आहे. आवाज बिघडला की वादक आधी हातातली वस्तू पाहतो: तार गंजली का, जॅक सैल आहे का, गिटारचंच व्हॉल्यूम खाली आहे का. टोनभाऊ दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. प्रथम फर्मवेअर अपडेट, त्यात निम्मे प्रीसेट, म्हणजे जपून ठेवलेल्या सेटिंगा, उडतात. मग फॅक्टरी रिसेट, त्यात उरलेले उडतात. मग नवा आयआर, म्हणजे कुठल्यातरी परक्या स्पीकरपेटीच्या आवाजाचा ठसा. तारेची पाळी शेवटी. वास्तविक डब्याचे नेहमीचे आजार तीन आणि त्यांची लक्षणं ठरलेली. रजईआडून आल्यासारखा घुसमटलेला आवाज म्हणजे डब्यातली नकली स्पीकरपेटी चालू ठेवून तो खऱ्या गिटार ॲम्पला जोडला आहे. पेटीत पेटी झाली. बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज म्हणजे नकली पेटी बंद करून वायर थेट मिक्सरला दिली आहे. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंच गाळून टाकतो, ते गाळायला इथे कुणी उरलं नाही. तिसरा आजार म्हणजे रात्री छान वाटलेला प्रीसेट कार्यक्रमात घुमणं आणि टोचणं. हळू आवाजात कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. म्हणून रात्री माणूस दोन्ही वाढवून ठेवतो आणि मोठ्या आवाजात ती दोन्ही अंगावर येतात. उपाय साधा: जेवढ्या आवाजात वाजवायचं तेवढ्याच आवाजात सेटिंग करायची. टोनभाऊला हे सारं तोंडपाठ असतं. दुसऱ्याच्या डब्याचं निदान तो कपातला चहा निवायच्या आत करतो. स्वतःच्या डब्याचं करत नाही, कारण इतक्या सहज सुटणारा प्रश्न त्याला स्वतःच्या लायकीचा वाटत नाही. ही वृत्ती वादकाची नव्हे. अवघड बिघाडाची वाट पाहणाऱ्या मिस्त्रीची आहे.

यावर रसिकांचा आक्षेप असा, की सुराचा ध्यास ही तर आपली परंपरा. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव दिलं आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. मैफलीत तानपुरा जुळेपर्यंत श्रोता घड्याळ पाहत नाही. मग टोनभाऊनेच काय घोडं मारलं? फरक हद्दीचा आहे. तानपुऱ्याला सहसा चार तारा, चार खुंट्या, आणि जुळला की नाही ते सांगणारा एक कान. जुळला की विषय संपतो आणि गाणं सुरू होतं. डब्यात शेकडो ॲम्प, प्रत्येकाची पाच-सात बटणं, शिवाय पेट्या, माइक आणि माइकचं इंचाइंचाने अंतर. इथे जुळण्याला शेवटच नाही. त्यातून टोनभाऊ कानापेक्षा डोळ्यांनी जुळवतो. पडद्यावरची इक्वलायझरची रेघ डौलदार दिसली की टोन चांगला. म्हणजे गवयाच्या परंपरेत त्याला जागा नाही. ती मिळते मिरजेच्या कारागिरांच्या पंगतीत. ते तानपुऱ्याची जवारी तासतास बसून लावतात, आणि नंतर गातो दुसराच. जवारी लावणारा मैफल रंगवत नाही म्हणून त्याला कुणी अर्धवट गवई म्हणत नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो आणि त्याला धार जास्त असते: "एवढे पैसे घातले, आता वाजव ना एक गाणं!" एका अर्थी असं म्हणणारा बाप रास्त बोलतो. हाच डबा वादकासाठी घेतला असेल तर पैसे पाण्यात गेले. मात्र सुताराने रंधा घेतला तर 'आता यावर बसून दाखव' असं आपण म्हणत नाही. हत्याराचा हिशेब त्याने केलेल्या कामावर होतो, तेव्हा टोनभाऊचं काम कुठलं आणि ते कुणाच्या उपयोगी पडतं एवढंच विचारणं न्यायाचं. त्याचं उत्तर मागच्या खोलीत सापडत नाही. त्यासाठी गणपतीच्या मंडपात, ऑर्केस्ट्राच्या संध्याकाळी जावं लागतं.

तिथे सुरुवातीला त्याची फजितीच असते. त्याने डाव्या कानातून उजव्या कानात उड्या मारणारा स्टिरिओ डिले रचलेला असतो, आणि साउंडवाल्याकडे एकच चॅनल रिकामा असतो. उड्या डाव्या बाजूलाच संपतात. मग वायरी जोडल्या जातात आणि कुणी काही वाजवण्याआधीच स्पीकर गुणगुणायला लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची. हा सूर पाश्चात्त्य स्वरांतल्या ४९ हर्ट्झच्या 'जी'च्या किंचित वर पडतो. अमेरिकेची ६० हर्ट्झची गुणगुण 'ए शार्प' आणि 'बी' यांच्यामध्ये अधांतरी लोंबकळते. निदान सुराच्या बाबतीत महावितरण सरस आहे. पण गुणगुण ती गुणगुणच. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरत राहते. ऐन वेळी कुणीतरी शहाणा प्लगची अर्थिंगची पिन तोडायला निघतो. त्याने गुणगुण जाईलही. मात्र पुढे कुठे बिघाड झाला तर करंट गिटारच्या तारांतून थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येईल. इथे टोनभाऊ पुढे होतो. "काऊन बे, मारतो काय कोणाला?" एवढं एक वाक्य बोलून तो सगळे प्लग एका बोर्डावर आणतो. तरी आवाज राहिला तर पिशवीतून डबा आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा डीआय बॉक्स काढतो आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सरकवतो. गुणगुण थांबते.

ही शांतता त्याने घडवलेली असते, आणि तिची दखल कुणी घेत नाही. घेणार तरी कशी? वादकाचं काम ऐकू आलं की टाळ्या पडतात. मिस्त्रीचं काम पुरं झालं याची खूण म्हणजे काहीच ऐकू न येणं. टोनभाऊच्या खोलीतून गाणं येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ते चुकीच्या जागी कान लावून बसले आहेत. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा गिटार घेऊन उभा असतो बारावीतला एखादा पोरगा. तारा गंजलेल्या, सेटिंगचा गंध नाही, वायर टोनभाऊच्या डब्यात आणि प्रीसेट जो समोर आला तो. लोक शिट्ट्या मारतात, 'दम मारो दम'ला वन्स मोअर मिळतो. टोनभाऊ मिक्सरपाशी उभा असतो. तो टाळ्या वाजवत नाही, हेवाही करत नाही; साउंडवाल्याच्या कानाशी वाकून गंभीरपणे एवढंच म्हणतो, "चार किलोहर्ट्झ जरा जास्त होऊन राहिलं."