नरसिंहानं बसायचं कुठं?

घुलेवाडीतल्या आमच्या घराला पूर्वी ओसरी होती. 1994 साली वडिलांनी तिला ग्रिल मारली, पुढं खिडक्या बसवल्या आणि ओसरीचा 'हॉल' झाला. त्यांची आई संगमनेरात तशाच एका ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. हात तेंदूपानावर, लक्ष रस्त्यावर. त्या ओसरीतून आपण वर आलो, याचा त्यांना अभिमान.

यंदा आम्ही तीच खिडक्यांची भिंत पाडली. आर्किटेक्ट मुलगी म्हणाली, "काका, इनडोअर आणि आउटडोअर कनेक्ट झालं पाहिजे." आई म्हणाली, "म्हणजे ओसरी." पण ओसरीचं कोटेशन कोण देणार? भिंतीच्या जागी दहा फुटांची सरकती काच आली. हॉलपासून अंगणापर्यंत सलग फरशी, मध्ये उंबरा नाही. आईनं ते पाहून एवढंच विचारलं, "मग नरसिंहानं बसायचं कुठं?"

मुलगी हसली. मी मात्र विचारात पडलो. आत नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही, असा हिरण्यकश्यपूचा वर. देवानं त्यातून तिन्हीसांजेचा उंबरा शोधून काढला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आभाळाला उघड्या जागांचा जन्मभर आग्रह धरला, बेलापूरच्या वसाहतीत घराघराला अंगण दिलं. पण मधल्या जागेचा इतका नेमका वापर त्यांनाही सुचला नसता.

काच सरकवल्याबरोबर 'बाहेर' आत यायला लागलं. आधी धूळ, मग शेजारचं मांजर, मग पाऊस. आमच्याकडं पाऊस बेताचाच, पण येतो तो आडवा. उंबरा नसल्यामुळं थेट सोफ्यापर्यंत आला.

आणि मग मळ्यात बिबट्या दिसल्याची बातमी आली. यात नवल काहीच नाही. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्या. वर अकोले तालुक्याच्या शेतशिवारात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून मोजले, तर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे त्यांचं आत-बाहेर कधीच कनेक्ट झालेलं आहे. तिन्हीसांज, दाराची जागा आणि मांजरकुळातलं कुणीतरी. कथा भलतीच जुळत चालली होती. सात वाजले की आम्ही काच ओढून पडदा लावू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, इथं भिंतच आहे.

गेल्या आठवड्यात आईनं मला न विचारता मिस्त्रीला बोलावलं. त्यानं काचेच्या बाहेरच्या अंगाला कडाप्प्याचा दोन इंच उंबरा बसवला. आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. आता दुपारी ती पाट घेऊन त्याच्याशी बसते आणि पाय अंगणात सोडून शेंगा निवडते. टरफलं मात्र आत पडतात.