गटनंबर गुरुजी

गटनंबर गुरुजींना नाव सांगितलं की ते आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव, आणि गाव सांगितलं की गप्प होतात. अंगठा मोबाइलवर गेलेला असतो. पानठेल्यावरचा पोरगा तळहाताने खर्र्याची पन्नी घोटत असतो. खर्रा तयार होईस्तोवर गुरुजींचा चंद्रपूर जिल्हा, तालुका, गाव असा प्रवास आटोपतो. मग चष्मा कपाळावर सारून ते विचारतात, "तुमच्या बाबाजीच्या नावावर बोजा दिसून रायला गा. सोसायटीचा हाय का?"

हे गुरुजी सिंदेवाहीत आहेत, मूलमध्ये आहेत, आरमोरीत नि चामोर्शीतही आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, पोरगा पुण्याला. शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची सवय सुटली नाही, म्हणून आता ते जमिनीच्या नोंदींच्या 'महाभूलेख' संकेतस्थळावर अख्ख्या तालुक्याची हजेरी घेतात. यात चोरीचा मामला काहीच नाही. सातबारा नुसता बघायला पैसा पडत नाही, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. गटनंबर ठाऊक नसेल तर नावावरूनही शोधता येतं. अर्थात एटापल्लीकडच्या एखाद्या गावात 'मडावी' किंवा 'आत्राम' टाकलं तर अर्धं गाव 'उपस्थित' म्हणून उभं राहतं, तो भाग वेगळा.

गुरुजींचा खरा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर. धान निघालं की सोयरिकी सुरू होतात, आणि मुलीचा बाप पोरगा पाहायच्या आधी गुरुजींना पाहायला येतो. मध्यस्थाने "दहा एकर धानाची" असं छातीठोक सांगितलेलं असतं. गुरुजी पोराचं नाव टाकतच नाहीत, एकदम आजोबाचं टाकतात. कॅप्चा मोठ्याने वाचतात, तरी चुकतात, सरकारला दोन शब्द ऐकवतात आणि मग निकाल लावतात: १ हेक्टर ६२ आर.

"म्हंजे चार एकर. त्यात पोटखराबा. नावं किती हायेत, मोज गा."

नावं नऊ निघतात. "सामाईक," गुरुजी म्हणतात. डॉक्टर रिपोर्ट पाहून "शुगर" म्हणतो त्या आवाजात. मुलीच्या बापाचा चेहरा उतरतो. पण गुरुजी न्यायी माणूस. "बोजा नाही पाहा एक रुपयाचा. पोरगा सरळ दिसते." सोयरीक बहुतेक जुळतेच, कारण पलीकडच्या गावातही एक गुरुजी आहेत आणि मुलीच्या बापाचे "सहा एकर" तिकडे आधीच मोजून झालेले असतात.

माणसांची वर्गवारीही ते उताऱ्यावरूनच करतात. भोगवटादार वर्ग १ म्हणजे मालकीचा गडी, हवं ते करेल. वर्ग २ म्हणजे जमीन ताब्यात, पण वरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. गावातल्या यच्चयावत घरजावयांना ते वर्ग २ म्हणतात.

कागदावरचा भोगवटादार आणि घरात नांदणारा माणूस एकच असतो, एवढी मात्र त्यांची श्रद्धा. चंद्रपुरात घर पाहायला गेले तेव्हा मालमत्ता पत्रकावरचं नाव पाठ करून गेले. दार एका बाईने उघडलं. अमुक घरी आहेत का? "आहेत नं," म्हणत तिने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. आजेसासरे. उताऱ्यावर ठणठणीत.

अशा ठणठणीत मृतांना उताऱ्यावरून उतरवून वारसांना चढवण्यासाठी शासनाने २०२५च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गुरुजी म्हणत नाहीत) जितके दमले नसतील तितके गुरुजी दमले. कारण वारस म्हटले की बहिणी आल्या. पूर्वी भाऊ सांगेल तो सातबारा असे. आता बहीण हडपसरच्या दोन खोल्यांत कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्वतःचं नाव शोधते आणि सापडलं नाही की थेट गुरुजींना फोन लावते. गुरुजी दोन्हीकडून बोलतात. भावाला हक्कसोड समजावतात, बहिणीला "सही कराची घाई करू नको बाई" म्हणतात. याला गावात किडे लावणं म्हणतात. मला मात्र वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोलाचं काम असावं.

हरले ते मेंढा-लेखात. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ साली गावाने ग्रामदानाचं ठरवलं. म्हणजे शेतंसुद्धा ग्रामसभेची. गुरुजींनी हे ऐकलं, मोबाइल खिशात घातला आणि कळवळून विचारलं, "मंग हे लोक सोयरिका कशा पाह्यतात?"

सध्या ते ई-पीक पाहणीच्या मागे आहेत. २०२१ सालापासून शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून मोबाइलमधून पिकाचा फोटो चढवायचा असतो. नागभीडकडचा एक शेतकरी काही केल्या चढवेना. गुरुजींनी पानठेल्यावर त्याला धरला.

"गुरुजी, त्या गटात वाघीन पिल्लं घेऊन बसून हाय."

गुरुजींनी सवयीने उतारा उघडला. भोगवटादारात वाघीण नव्हती. इतर हक्कांत नव्हती, कुळांतही नव्हती.

"नोंद नाही," ते म्हणाले, "पन सावध राह्य गा. बारा वर्सं सलग ताबा ठेवला तं मालकी सांगते कोनी बी. आत्ताच नोटीस बजावून ठेव."

शेतकऱ्याने खर्रा गालात सरकवला. "बजावतो नं. पन बजावाले तुमीच चला. तुमाले गटनंबर पाठ हाय."