लाओबान पाजतात

यानताईच्या लाओबानची ऐपत मोजायची तर त्यांची गाडी बघू नये, गाडीची डिकी बघावी. गाडी काय, हप्त्यांवरही मिळते. डिकी मात्र ज्याची त्यालाच भरावी लागते. सफरचंदांचं खोकं, चहाचे लाल डबे, वाळवलेल्या समुद्रकाकडीची सोनेरी पेटी आणि सगळ्यांच्या मागे, ऊन लागू नये म्हणून जुन्या जाकिटात गुंडाळलेली सहा बाटल्यांची लाकडी पेटी. आत रेड वाइन. ती लाओबान स्वतः पिणार नसतात. ती ‘कुणाला तरी’ पाजायची असते. हा कुणीतरी अजून ठरलेला नसतो. पण तो अवचित उगवला आणि डिकीत बाटली नसली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही धास्ती लाओबानच्या पाचवीलाच पुजलेली.

लाओबान म्हणजे शेठ. छोटासा कारखाना, पन्नाशी ओलांडलेली, केसांना काळाभोर कलप, हातात गरम पाण्याचा थर्मास. शांडोंग प्रांताच्या किनाऱ्यावरच्या या शहरात असे लाओबान पैशाला पासरी. कुणी नटबोल्ट करतं, कुणी सफरचंदाचा रस आटवून बाहेरदेशी पाठवतं, कुणी मासळी गोठवतं. मी लिहितोय ते यांपैकी कुणी एक नव्हेत. कामानिमित्त ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर बसलो, त्या सगळ्यांना मी एकाच खुर्चीत कोंबलंय.

वाइनवर बोलायचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे, असं लाओबान मानतात आणि त्यात तथ्य आहे. परमुलखात, पेनांगकडे, गडगंज झालेल्या झांग बिशी या चिनी व्यापाऱ्याने 1892 साली इथे ‘चांगयू’ ही वाइनरी काढली. चीनमधली आधुनिक वाइन सुरू झाली ती इथून. युरोपातून बोटीने वेली आणल्या. वाइन करायला व्हॉन बाबो नावाचा ऑस्ट्रियन उमराव गाठला. तो यानताईत ऑस्ट्रिया-हंगेरीचा व्हाइस कॉन्सलही होता. वकिलातीचं काम आणि वाइनची चव घेणं हे दोन्ही एकाच पगारात कसं बसवलं असेल, याची लाओबानना आजही असूया वाटते. समुद्राला खेटून सात मीटर खोल तळघर खणलं, त्यात पाणी झिरपलं, बांधकाम मोडून पुन्हा केलं. 1894 साली सुरू झालेलं काम 1905 साली एकदाचं मार्गी लागलं. 1912 साली चीनचे क्रांतिकारी नेते सुन यत्-सेन येऊन चार अक्षरांची शाबासकी लिहून देऊन गेले. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात सुवर्णपदकं. 1987 साली आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाइन संघटनेने यानताईला खास नगरीचा किताब दिला. हे सगळं लाओबानना तोंडपाठ. प्रत्येक पाहुण्याला ते त्या तळघरात नेतात, अवाढव्य पिंपासमोर उभं करतात आणि फोटो काढतात. पिंपातल्या वाइनची चव कशी असेल, असं मात्र विचारू नये. “जुनी आहे,” एवढंच उत्तर मिळतं.

त्यांची खरेदी जवळून बघण्यासारखी. दुकान सिगारेटचं आणि दारूचं एकत्र. चीनमध्ये ही जोडी गल्लोगल्ली एकाच काउंटरवर नांदते. लाओबान बाटली उचलतात ती आधी वजनासाठी. मग ती आडवी करून बुडाच्या खळग्यात अंगठा घालतात. अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत गेला तर मान डोलते. पहिल्याच पेराला अडला तर बाटली मुकाट्याने फळीवर परत. खळगा खोल तितकी वाइन भारी, हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. त्या खळग्याचा आतल्या मालाशी काडीचा संबंध नाही. मग लेबल. त्यावर किल्ला हवा. अक्षरं फ्रेंच हवीत आणि ती कुणाला वाचता येता कामा नयेत. शेवटी मोबाइल निघतो आणि बाटलीवरचा कोड स्कॅन होतो. द्यायची किंमत बघायला नव्हे; ती दुकानदारीणबाईंशी घासाघीस करून आधीच ठरलेली असते. पाहुणाही हाच कोड स्कॅन करणार, तेव्हा त्याच्या फोनवर किती युआन उमटतील, ते बघायला! तीनशेला पटलेली बाटली फोनवर आठशेची दिसली की लाओबानच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरते, ती वाइन पिताना मी कधी पाहिलेली नाही.

मी एकदा त्यांच्यासाठी नाशिकची बाटली नेली होती. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, अंगठा घातला, मोबाइल लावला. मोबाइलला काहीच सांगता येईना. लाओबान कधी नव्हे ते गोंधळले. किंमत न कळणारी बाटली कुणाला पाजायची आणि कुणाच्या आधी? अखेर त्यांनी ती ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवली, एका करंडकाच्या आणि नातवाच्या फोटोच्या मधोमध. ती अजून तिथेच असणार.

एके काळी हा अंगठ्याचा खटाटोप लागत नसे. बोर्दोची ‘लाफीत’ वाइन म्हटलं की विषय संपला. 2010 साली त्या फ्रेंच मळ्याने जाहीर केलं, की 2008 सालच्या बाटलीवर चिनी आठाचा आकडा लाल रंगात कोरलेला असेल. आठ म्हणजे भरभराटीचा आकडा. भाव आभाळाला भिडले. रिकाम्या बाटलीलाही गिऱ्हाईक होतं, आणि तिच्यात पुन्हा काय भरलं जायचं ते विचारू नका. त्या दिवसांत गावोगावच्या लाओबाननी पाजलेली लाफीत सगळी खरी असती, तर त्या एका मळ्याला बोर्दोपासून पॅरिसपर्यंत पसरावं लागलं असतं. पुढे 2012 च्या अखेरीस सरकारने चैनबाजीवर बडगा उगारला. सरकारी साहेब मेजवान्यांतून गुप्त झाले आणि लाफीत कपाटात गेली. गंमत म्हणजे खुद्द लाफीतवालेच यानताईत येऊन राहिले: जवळच पेंगलाईच्या टेकड्यांवर त्यांनी मळा लावला आणि 2017 सालची पहिली वाइन 2019 मध्ये ‘लोंग दाय’ या नावाने विकायला काढली. लाओबानना तिचा अभिमान आहे आणि पंचाईतही. घरची म्हणून पाजावी तर भारी वाटत नाही. फ्रेंच म्हणून पाजावी तर पाहुण्याला येताना वाटेत मळा दिसलेला असतो.

बऱ्याच बाटल्यांच्या नशिबी तर उघडलं जाणंच नसतं. देण्याघेण्यातल्या साडीसारख्या त्या घडी न मोडता या घरून त्या घरी फिरतात. सिगारेट-दारूच्या दुकानांवर ‘भारी दारू परत विकत घेऊ’ अशा पाट्याच असतात. भेट आलेली पेटी तिथे नेऊन द्यायची, दुकानदार ती दुसऱ्याला विकणार, तो तिसऱ्याला भेट देणार. लाओबाननी बंदराच्या साहेबांना दिलेली पेटी दीड वर्षाने वसंतोत्सवाला एका ठेकेदाराकडून त्यांच्याचकडे परत आली. कोपऱ्यात त्यांच्या हिशेबनीसाने बॉलपेनने घातलेला आकडा तसाच होता. लाओबान रागावले नाहीत. त्यांनी आकडा खोडून नवा घातला.

पण खरे लाओबान बघायचे ते जेवणाच्या टेबलावर. शांडोंगात कोण कुठे बसणार, हे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा काटेकोर. मुख्य यजमान दाराकडे तोंड करून. त्यांच्या ग्लासातल्या रुमालाची घडी इतरांपेक्षा उंच. बरोबर समोर, दाराकडे पाठ करून, उपयजमान. मुख्य पाहुणा यजमानांच्या उजव्या हाताला, दुसरा डाव्या. पाहुण्याने आपणहून प्यायचं नाही. तहान लागली तरी नाही. लाओबान उठतात, मैत्रीवर, सहकार्यावर आणि यंदाच्या थंडीवर बोलतात, आणि मग पहिला घोट. पेला किती घोटांत रिकामा करायचा ते तेच जाहीर करतात. सहा म्हणाले तर सहा. त्यांचा पेला झाला की उपयजमान उठतात आणि तीच मैत्री, तेच सहकार्य. हे सगळं आटोपल्यावर म्हणे मोकळेपणी पिणं सुरू होतं.

पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड समोरच्याच्या कडेच्या खाली ठेवायची, हा विनय. समोरचाही तितकाच विनयी असला की खरी मजा. याने पेला दोन बोटं खाली घ्यावा, त्याने चार. एकदा दोन लाओबान असे एकमेकांना मान देत देत गुडघ्यांत वाकले आणि पेले टेबलाखाली भिडले. दोघांपैकी कोण जिंकलं ते आम्हाला दिसलं नाही. लांबच्या माणसापर्यंत हात पोचत नसेल तर पेला फिरत्या काचेवर टकटकायचा. काचेतून आदर पोचतो.

मग मासा येतो. त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे वळवलं जातं. डोकं ज्याच्याकडे त्याने तीन पेले प्यायचे, शेपूट ज्याच्याकडे त्याने चार. पोट आणि पाठ यांचेही दर ठरलेले आहेत. वरची बाजू संपली तरी मासा उलटायचा नाही, नाहीतर समुद्रात कुणाची तरी होडी उलटते. मी शाकाहारी असल्याचं नम्रपणे सांगून बघितलं. लाओबान म्हणाले, “अजिबात खाऊ नका! पण डोकं तुमच्याकडेच आहे.”

सुटका एकाच वाटेने होते. उपास, धर्म, डॉक्टर, बायको, यांतली कुठलीही सबब लाओबान हसत हसत झटकतात. पण “सेफलोस्पोरिन चालू आहे” म्हटलं की बाटली धरलेला हात जागच्या जागी थांबतो. यातल्या काही प्रतिजैविकांवर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या खिशात एक पट्टी कायम असे. ती दाखवली की लाओबान हळहळून माझ्यासाठी चहा मागवतात, आणि चहालाही सहा घोट लावतात.

या सगळ्यात वाइन कुठे राहिली? ती टेबलाच्या मधोमध असते, काचेच्या सुरईत, नवरीसारखी सगळ्यांनी बघावी म्हणून. बाजूला यानताईचा समुद्र मांडलेला: ऑयस्टर, शिंपल्या, सुरमईच्या जातीच्या माशाचं सारण भरलेले डंपलिंग. या जेवणाबरोबर थंडगार व्हाइट वाइन काय बहार आणेल! पण लाओबानच्या मते थंड पिणं पोटाला वाईट, पांढरा रंग शुभकार्याला वाईट आणि रेड वाइन हृदयाला चांगली. तेव्हा रेड. रेड वाइनमधल्या लोहाने मासळीचा वास तोंडात उसळून येतो. माझ्या समोरचे उपयजमान दर घोटागणिक डोळे गच्च मिटत. त्याला सगळे रसिकता म्हणत.

लाओबानना या वाइनची ओळख झाली ती सरकारी शिफारशीने. 1996 साली पंतप्रधान ली फंग यांनी धान्याच्या कडक दारूपेक्षा फळांची वाइन प्या, असं सुचवलं. तेव्हा लाओबान तिशीच्या आतले, सांगितलेलं ऐकायच्या वयाचे. पण ते तुरट प्रकरण घशाखाली उतरेना. मग अर्धी वाइन, अर्धं स्प्राइट, वर लिंबाची चकती. “फार छान लागायचं,” ते आजही हळूच सांगतात. हळूच, कारण लेक ऐकते. ही लेक शांघायला असते, वाइनच्या परीक्षा देते, आणि सुट्टीत येताना गढूळ नारिंगी वाइन घेऊन येते. ती पेला देठाला धरते. लाओबान मुठीत धरतात. तिने एकदा भर टेबलावर सांगितलं, की यानताईची म्हणून मिरवली जाणारी शलोंगचू ही द्राक्षाची जात मुळात बोर्दोची कार्मनेर आहे, डीएनए तपासून सिद्ध झालंय. टेबल चिडीचूप. लाओबाननी घोट घेतला आणि म्हणाले, “डोंगर आपला, पाऊस आपला, राबणारे आपले. शंभर वर्षं इथं राहिली, अजून पाहुणीच का?” आणि त्यावर सगळ्यांना ‘गानबेई’, म्हणजे पेला एका दमात रिकामा, करायला लावलं, लेकीलासुद्धा. तिच्याकडे सेफलोस्पोरिन नव्हतं.

घरी जाताना स्वतःची गाडी स्वतः कुणीही चालवत नाही. 2011 पासून पिऊन गाडी चालवणं हा चीनमध्ये फौजदारी गुन्हा आहे, आणि लाओबान त्या बाबतीत पक्के. फोनवर दोन बोटं फिरवली की भाडोत्री चालक घडीच्या विजेच्या सायकलवरून हजर होतो, सायकल मिटून डिकीत टाकतो आणि तुम्हाला तुमच्याच गाडीतून घरी सोडतो. पेटी मग पाहुण्याच्या मांडीवर येते.

एका उन्हाळी संध्याकाळी मी बंदरामागच्या गल्लीतून चाललो होतो. फूटपाथवर प्लास्टिकची ठेंगणी टेबलं, कोळशाच्या शेगड्या, मिरची-लसणात परतलेल्या शिंपल्यांचे ढीग. एका टेबलाशी लाओबान एकटेच. बनियन पोटावर गुंडाळून वर घेतलेला, पायांत सपाता, पुढ्यात मोठा मग भरून बिअर. शिंपली उचलत, शोषत, टरफल बादलीत फेकत. घोट किती झाले ते कुणी मोजत नव्हतं. एवढे खूश लाओबान मी कधी पाहिले नव्हते, म्हणून मी मान खाली घालून निघून जायला बघितलं. पण त्यांनी पाहिलंच. बनियन झर्रकन खाली आला, बिअरचा मग टेबलाखाली गेला, “पाहुणे!” असा पुकारा झाला, माझ्यासाठी दाराकडे तोंड करून स्टूल लावायची धडपड झाली, आणि तिथे दारच नसल्याने ती फसली. तोवर पोऱ्या सिगारेट-दारूच्या दुकानाकडे धावत सुटला होता. पाच मिनिटांत किल्ल्याचं चित्र असलेली बाटली आली, आणि लाओबाननी डोळे गच्च मिटून पहिला घोट घेतला.