गांडूळरावांस, कामावर परत येण्याबाबत

श्री. गांडूळराव व समस्त बिळकरी मंडळी,
मु. पो. मातीचा वरचा थर, उसाचं रान, ता. शिरोळ.

स. न. वि. वि.

आपण न सांगता निघून गेलात, म्हणून हे जाहीर पत्र. सालगडीसुद्धा पाडव्याला हिशेब करून जातो. आता आपला हिशेब तो कसला म्हणा! ना उचल, ना पगार, ना चहा. मशागत फुकट आणि वर खत. डार्विनसाहेबांनी १८८१ साली आपल्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरसाल आपल्या पोटातून जाऊन वर येते, असा त्यांचा अंदाज. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “डिझेल कोण घालतं त्यांना?”

आम्ही आपल्याला काय कमी केलं? रोटाव्हेटर लावून माती पिठासारखी केली. लहानपणी ऐकलं होतं, गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात. त्या हिशेबानं एका फेऱ्यात आपली गणती दुप्पट व्हायची. शेपटाकडचा तुकडा नुसता वळवळतो आणि मरतो, हे मागाहून कळलं. आपण आधी बोलायला हवं होतं.

पाचटाचं म्हणाल तर चुकलंच. एकरी ३-४ टन पाचट म्हणजे आपलं सालभराचं धान्य, आणि आम्ही त्याला काडी लावली. पण तोड झाली की सगळं शिवार पेटवतं, आम्ही एकट्यानंच न पेटवणं बरं दिसतं का? हुमणीच्या अळीसाठी फोरेट हे कीटकनाशक टाकलं, ते तर आपल्यासाठी नव्हतंच. सरकारनं २०२० अखेर त्यावर बंदी घातली. हुमणी अजून आहे. आपणच मनाला लावून घेतलंत.

पाण्याची तक्रार असेल तर ती वीजवाल्यांकडे करावी. लाइट रात्रीची येते. मोटार चालू करून आम्ही झोपतो आणि पाणी सकाळपर्यंत आपल्या घरात. आता रानाच्या खालच्या अंगाला पांढरं मीठ फुटलंय. आपण कातडीनं श्वास घेता म्हणे. मग मिठात बसून कसं जमणार, हे मान्य.

आपल्याबरोबर वाणी गेली, गोम गेली, शेणकिडे गेले. शेणच उरलं नाही तर ते तरी काय करणार? ओली माती उचलली की टुणकन उडणारे ते पांढरे कण असायचे, तेही दिसत नाहीत. त्यांना आमच्यात कुणी नावच ठेवलं नव्हतं. त्यामुळे ते नेमके कधी गेले हेही सांगता येत नाही.

पूर्वी नांगर चालला की मागं गायबगळ्यांची रांग लागायची. औताच्या पाठीपाठी, अगदी पंगतीला बसल्यासारखे. यंदा दोनच आले. त्यातल्या एकानं चार ढेकळं बघितली, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, आणि दोघं शेजारच्या गवताच्या पडीक तुकड्यात गेले.

आपल्या जागी आम्ही दुसरी सोय केली आहे, हेही कळावं. आपले युरोपातले भाऊबंद, आयसेनिया फेटिडा, शेणाच्या बेडमध्ये ओल्या गोणपाटाखाली बसून खत करतात आणि ते पोत्यातून विकत मिळतं. मंडळी कामसू आहेत, पण सावली, शेण, पाणी सगळं जागेवर लागतं. खोल बिळं पाडून उसाच्या मुळांपर्यंत हवा-पाणी नेण्याचं आपलं काम त्यांच्याच्यानं होत नाही. म्हणजे आपण फुकट करत होता त्यातलं अर्धंच काम आम्ही आता पैसे मोजून घेतो. नातेवाइकांच्या कानावर घालू नये.

तरी पत्र मिळताच रुजू व्हावं. कळावे.

आपला,
एक ऊसवाला

ता. क. : परवा विहिरीजवळच्या बांधावर, जिथं ट्रॅक्टर वळत नाही, तिथं आंब्याखालचा पाला पायानं सारला. खाली मातीच्या बारीक ओल्या गोळ्यांची रास होती. आपलीच ना? घरात कुणाला बोललो नाही. बांध फार जागा खातो, येत्या उन्हाळ्यात तोही रानात घेऊ, असं धाकट्याचं चाललंय.