सूर्यनारायणाची उमेदवारी

यवतमाळच्या सूर्यनारायणाविरुद्ध आजवर रयतेची एकच कैफियत होती, ती ही की सदरहू इसम वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, कोणाची भीड धरीत नाही आणि कुलरच्या ताट्यांवर कितीही पाणी मारले तरी नरम येत नाही; परंतु २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने घरोघरच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याची ‘सूर्यघर’ योजना जाहीर केली आणि या जुन्या आरोपीची एकाएकी वीज-उत्पादक म्हणून नेमणूक झाली.

हिशेब मोठा मोहक आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट गच्ची पुरते, तिच्यावर दिवसाकाठी सरासरी चार युनिट वीज उतरते, आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. गच्ची मात्र हक्काची हवी. भाड्याच्या खोलीवरील टिनांवरही ऊन तितक्याच निष्ठेने पडत असले, तरी त्या उन्हाचा सातबारा निघत नाही. शिवाय ज्या गच्चीवर होळीनंतर कुरड्या व सांडगे विनाअनुदान वाळत आले, तेथील गृहिणीची पिढीजात वहिवाट खालसा करावी लागते ती निराळीच. वानरांच्या टोळीचे म्हणणे तर कोणी ऐकूनच घेतलेले नाही.

त्यातून पॅनेल ही वस्तू प्रकृतीने नाजूक, तिला प्रकाश मानवतो पण उष्णता सोसत नाही. तिच्या पाठीवरील आकडे २५ अंश तपमानास मोजलेले असतात, आणि मेच्या दुपारी ती साठ अंशांवर तापली की चढत्या प्रत्येक अंशामागे साधारण टक्क्याचा तिसरा हिस्सा वीज घटते. अशा वस्तूने खरे तर चिखलदऱ्यास हवापालटासाठी जावे.

पण खरी गंमत लाइन गेल्यावर कळते. गच्चीवर सूर्य तळपत असतो आणि खाली घरमालक वर्तमानपत्राने वारा घेत असतो. कारण महावितरणच्या वाहिनीस जोडलेला साधा इन्व्हर्टर, वाहिनीत प्रवाह नसला की तत्क्षणी आपणही बंद होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला गच्चीवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही तजवीज बुद्ध्याच केलेली आहे, व ती रास्तही आहे. मात्र परिणाम असा की, वणीच्या खाणीतला कोळसा कुठल्याशा केंद्रात जळून तारेत प्रवाह येईपर्यंत प्रत्यक्ष सूर्यनारायणास कचेरीतल्या उमेदवाराप्रमाणे ताटकळत बसावे लागते, आणि विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात हिरव्या पानांची व हसऱ्या कुटुंबाची चित्रे छापताना नेमक्या याच मजकुरास जागा उरत नाही.

तेव्हा ज्यांची गच्ची व मीटर स्वतःच्या नावे आहे, त्यांनी दरखास्त अवश्य करावी. वीजबिल खरोखरच उतरते. फक्त सही ठोकण्यापूर्वी ‘लाइन गेली तर पंखा फिरेल काय?’ एवढे विक्रेत्यास विचारावे, आणि उत्तर ‘होय’ आले तर त्यासाठी लागणाऱ्या बॅटरीची किंमत लेखी मागून घ्यावी. तिच्यासाठी अनुदानात निराळी पैही धरलेली नाही.