माप त्यांचं, पोट आपलं

ऑगस्ट २००३ आठवतो? शीतपेयांत कीटकनाशकं सापडल्याचं दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने जाहीर केलं. सरकारने बाटल्या म्हैसूर आणि कोलकात्याच्या प्रयोगशाळांकडे धाडल्या. म्हैसूरची ‘सीएफटीआरआय’ ही केंद्रीय अन्नसंशोधन संस्था चेलुवांबा महालात १९५० पासून अन्नच तपासते आहे. म्हणजे जागा तर योग्यच.

निकाल आला. बाटलीबंद पाण्याच्या आपल्या तेव्हाच्या मापाने सगळं ठाकठीक. युरोपच्या मापाने १२ पैकी ९ नमुने नापास.

बाटली तीच. माप बदललं की विष गायब!

आणि शीतपेयांसाठी आपलं स्वतःचं माप? ते नव्हतंच. ‘आधी तयार करा’ हे सांगायला शरद पवारांची संयुक्त संसदीय समिती लागली.

मापं ठरवतं कोण? जगापुरतं उत्तर ‘कोडेक्स’, म्हणजे अन्नाची मापं ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग. १९६३ पासून चालू. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि व्यापारी भांडणांत कोडेक्सचाच दाखला चालू लागला. मत फक्त सरकारांना. ग्राहक संघटना निरीक्षक, उद्योगांच्या संघटनाही निरीक्षक.

वा, काय समान न्याय!

फक्त उद्योगाची माणसं सरकारी शिष्टमंडळांतूनही आत येतात. १९८९ ते १९९१च्या बैठकांची हजेरी एका ब्रिटिश पाहणीने मोजली. उद्योगांचे प्रतिनिधी साडेसहाशेहून अधिक. लोकहिताच्या संघटनांचे २६.

आपल्याकडे तरी बरं असेल? २००६ चा अन्नसुरक्षा कायदा सांगतो, शास्त्रीय समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञच हवेत. त्याच कायद्याने आलेल्या ‘एफएसएसएआय’ या अन्न प्राधिकरणाच्या पहिल्या समित्यांत बसली कंपन्यांची माणसं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कायदा वाचून दाखवावा लागला.

ज्यांनी तो वाचायचा, ते बहुधा लेबलं वाचत होते.

प्राधिकरणात अध्यक्ष सोडून २२ सदस्य. ग्राहकांचे दोन, उद्योगाचे दोन. कागदावर बरोबरी झाली. पण उद्योगाच्या दोघांमागे प्रयोगशाळा, वकील आणि पगारी अभ्यासक उभे असतात. ग्राहकाच्या दोघांमागे? वर्गणीची पावती.

आता मसाले. कोडेक्सची मसाला समिती भारतच चालवतो. सचिवालय कोचीच्या मसाला मंडळाकडे. मंडळाचं मोठं काम कोणतं? निर्यात वाढवणं.

म्हणजे मसाला विकण्याची काळजी घ्यायला मंडळ आहे. खाणाऱ्याची काळजी घ्यायला निरीक्षकाची खुर्ची आहे.

गरीब देशांच्या सरकारांना कोडेक्सच्या कामात भाग घेता यावा म्हणून निधीही आहे. ग्राहकाने मात्र यावं, बसावं, बोलावं, मत देऊ नये.

आणि हो, तिकीट स्वतःचं काढावं.