पायाखालची नक्षी

गिटारसाठी घरी फझ पेडल बनवण्याचा उद्योग शेजाऱ्यांना समजावून सांगणं अवघड आहे. चांगला स्वच्छ सूर घ्यायचा, तो इतका फुगवायचा की लाटेचे शेंडे छाटले जावेत, आणि उरलेल्या खरखरीवर खूश व्हायचं! पण या पेडलचं मूळच बिघाडात आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या यंत्रात काहीतरी बिनसलं आणि गिटारवादक ग्रेडी मार्टिनचा सोलो घसा बसल्यासारखा उमटला. १९६१ साली गाणं तसंच बाहेर पडलं आणि गाजलं. पुढच्याच वर्षी तो बिघाड डब्यात भरून ‘फझ-टोन’ नावानं विकायलाही आला. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी खुलवणाऱ्या आपल्या लोकांनी याला नाक मुरडू नये.

सर्किट सोपं असतं. लंडनच्या ‘फझ फेस’चं घ्या: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बरंचसं सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतं. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर मिळाले तर नशीब. मिळाले तरी उष्णतेनं बिथरतात. मे महिन्यातल्या दुपारी त्यांचाही स्वभाव पुणेरी होतो. डबा मात्र धातूचाच हवा आणि तो अर्थ केलेला हवा, नाहीतर गिटारमधून घरघर येते, क्वचित रेडिओसुद्धा.

खरा वेळ जातो तो डबा सजवण्यात. भोकं पाडा, पॉलिश पेपरनं घासा, रंगाचा हात द्या, वाळू द्या, पुन्हा हात द्या. मग प्रश्न येतो चित्राचा.

“वाद्य आहे ना? मग सरस्वती काढ की,” आई म्हणाली. आणि लगेच, “अगंबाई, याच्यावर पाय द्यायचा होय!”

झालं. गणपती बाद. वीणा बाद, मोरही बाद, कारण तो सरस्वतीचाच. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात पायानं चालवायच्या वस्तूवर काढायचं तरी काय? ‘फझ फेस’वाल्यांना ही अडचण नव्हती. त्यांनी १९६६ साली गोल डब्यावर सरळ हसरा चेहरा केला: दोन बटणं म्हणजे डोळे. त्या चेहऱ्यावर गिटारवादक जिमी हेंड्रिक्स खुशाल बूट ठेवत असे.

बऱ्याच खलबतांनंतर आमच्या डब्यावर मांजर आलं. स्विच नेमका त्याच्या शेपटीवर आहे. पाय पडला की निघणारा आवाज ऐकून आता घरात कुणी काही विचारत नाही.